विकतचं अपडेट, फुकटचं अपडेट

सिस्टिमचं अपडेट टाकलं की कॉम्प्युटरवरचा गेम सुधारतो का, असं हल्ली कोणी माझ्यासमोर नुसतं विचारलं तरी मी उठून आत निघून जातो. पूर्वी असं नव्हतं. मी समाजशास्त्राचा शिक्षक आहे आणि न विचारलेल्या प्रश्नांचीही सविस्तर उत्तरं देण्याची मला सवय आहे. पण या एका प्रश्नापायी मी जिवंत असताना माझ्या दारात शोकाची कॉफी उकळली, माझा कॉम्प्युटर बारांगायच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या पंचायतीच्या, कचेरीत पुरावा म्हणून हजर झाला आणि फिलिपिन्समधल्या लुसेनासारख्या शहरात ज्या माणसाला लोक ‘पुलो सर’ म्हणून रस्ता देत, त्याला आता लोक थांबवून विचारतात, ‘सर, कुठलं बरं? विकतचं की फुकटचं?’

आमच्या घरात माणसं दोन आणि कॉम्प्युटर एक. त्या एका कॉम्प्युटरात सिस्टिम मात्र दोन. विकतची माझी, फुकटची माझ्या बायकोची, दिविनाची. दिविनाचा धाकटा भाऊ एल्पिदियो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कॉम्प्युटरचं बघतो आणि जी वस्तू जगात कुठेतरी फुकट मिळते ती विकत घेणाऱ्याला तो मनातून कमअस्सल समजतो. त्यानेच बहिणीसाठी ती फुकटची सिस्टिम बसवून दिली. तिचं चिन्ह पेंग्विन. त्या बाजूला दिविनाच्या रोझरी मंडळाच्या, म्हणजे माळेची प्रार्थना म्हणायला जमणाऱ्या, बायकांची नावं, प्रार्थनेच्या वेळा आणि आपोआप मेसेज धाडणारी काहीतरी सोय होती. माझ्या बाजूला एकच गेम होता. कॉम्प्युटर सुरू केला की तो आधी विचारायचा, कुणाकडे जायचं? एका घरात दोन चुली मांडल्यासारखा हा संसार बरीच वर्षं सुखाने चालला होता. तिच्या बाजूला मी डोकावत नसे आणि माझ्या बाजूला ती धूळ पुसायलाही येत नसे.

या वयात गेम कसला खेळता, म्हणून भुवया उंचावणाऱ्यांसाठी थोडा खुलासा करतो. आमची एकुलती एक मुलगी लिवायवाय, आमची लिवाय, रियाधच्या एका इस्पितळात नर्स आहे. फोनवर आम्हा बापलेकीचं संभाषण असं चालतं: ‘जेवलीस?’ ‘हो. तुम्ही?’ ‘हो.’ मग दोघंही आपापल्या छताकडे बघत बसतो आणि शेवटी दिविना फोन ओढून घेते. या गेममध्ये मात्र एक जीपनी, आमच्याकडची लांबोडकी प्रवासी जीप, असते. एकाने ती चालवायची, दुसऱ्याने मागे कंडक्टर व्हायचं, माणसं कोंबायची, भाडं घ्यायचं आणि सगळे बसले की पत्र्यावर थाप मारायची. थाप पडल्याशिवाय जीपनी थांब्यावरून हलत नाही. मी ड्रायव्हर, लिवाय कंडक्टर. दर शुक्रवारी मी शाळेतून येतो तेव्हा तिच्याकडे सकाळ असते आणि ती रात्रपाळी संपवून खोलीवर आलेली असते. दोन थांब्यांच्या मधे ती मला मेट्रनच्या खोड्या सांगते, शेजारच्या पलंगावरची मुलगी सुके मासे तळते त्याचा वास सांगते. ‘तुझी आठवण येते’ असं मी तिला एकदाही म्हटलेलं नाही. त्याची गरजच पडत नाही. ‘कडेवरच्या पोराचं भाडं घेऊ नकोस गं’ असं म्हटलं की माझं काम भागतं.

तर ही जीपनी अडकायला लागली. थांब्यावर यायची आणि तिथेच रुतायची. प्रवासी ताटकळलेले, मागचे गाडीवाले हॉर्न वाजवतायत, आणि लिवायचा आवाजही बंद. मी इकडे सगळी बटणं दाबून दमलो की बऱ्याच वेळाने एकदम आवाज यायचा, “आं? तातय? अडकला का परत तुमचा कॉम्प्युटर?” तातय म्हणजे मी, तिचा बाप.

एका शुक्रवारी असं तीनतीनदा झाल्यावर ती म्हणाली, “जुना झालाय तो, तातय. झेपत नसेल तर राहू द्या हा खेळ. मेसेज आहेतच की.”

मेसेज आहेतच की. हे वाक्य मी आठवडाभर घशात अडकलेल्या काट्यासारखं वागवलं. मेसेजमध्ये मी तिला काय लिहिणार? अंगठा. फार तर दोन अंगठे. पुढच्या शुक्रवारच्या आत ही जीपनी हलवायचीच, असं मी ठरवलं आणि आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. मी ही गोष्ट शेजाऱ्यांजवळ बोललो.

शेजारी फेर्मिन दालिसाय याचं नाणं टाकून कॉम्प्युटर वापरायचं दुकान आहे. गल्लीतली अर्धी पोरं तिथेच लहानाची मोठी झाली. त्यामुळे तो या विषयातला स्वयंघोषित डॉक्टर. मी तक्रार सांगितल्यावर त्याने मान तिरकी केली आणि पोट कधी साफ झालं होतं या सुरात विचारलं, “सर, शेवटचं अपडेट कधी टाकलंत?”

“कसलं?”

“विकतच्या सिस्टिमचं हो. खालच्या कोपऱ्यात रोज विचारतंय ना ते?”

विचारत होतं खरं. पण रोज दारावर येणाऱ्या विक्रेत्याला जसं आपण ‘उद्या’ म्हणतो, तसं मी त्याला वर्षभर म्हणत आलो होतो.

“तिथेच तर मेख आहे,” फेर्मिन म्हणाला. “नवा गेम आणि जुनी सिस्टिम. अपडेट टाका. घोडा होईल घोडा.”

त्याने स्वतः येऊन ते टाकलं. अपडेट ही काय चीज आहे हे मला त्या दिवशी कळलं. पडद्यावर एक वर्तुळ फिरत राहतं आणि ‘जवळजवळ झालंच’ असं लिहून येतं. हे ‘जवळजवळ’ आमच्या शिक्षण खात्याच्या ‘जवळजवळ’सारखंच असतं. मधे लाईट गेली. लाईट आली तेव्हा ते सगळं विसरून पहिल्यापासून सुरू झालं. तेवढ्यात बातमी गल्लीत पसरली होती आणि प्रत्येकजण खिडकीतून सल्ला देऊन जात होता. कॉम्प्युटरचं झाकण काढून पंख्यासमोर ठेवा. नको, ओल्या फडक्याने पुसा. समोरच्या बाईंनी तर पाद्र्याकडून आशीर्वाद करून घ्या म्हणून सांगितलं. मी नको म्हणालो. संध्याकाळी पाहतो तर झाकणावर पवित्र पाण्याचे थेंब होते आणि दिविना माझ्या नजरेला नजर देत नव्हती.

अखेर अपडेट झालं. मी एकट्याने जीपनी चालवून पाहिली, मागे गेमचाच कंडक्टर घेऊन. अहाहा. कुठे अडकणं नाही, कुठे रुसणं नाही. फेर्मिनने कमरेवर हात ठेवून गल्लीकडे पाहिलं. मीही त्याला कोल्ड्रिंक पाजलं.

दिविना रोझरीच्या कामाला बसली तेव्हा कळलं की तिची चूल विझली आहे. कॉम्प्युटर आता ‘कुणाकडे जायचं’ असं विचारतच नव्हता. सरळ माझ्या बाजूला येत होता. विकतच्या अपडेटने मधला दरवाजा भिंतीत चिणून टाकला होता.

“माझ्या साठ बायका कुठे गेल्या?” दिविनाने विचारलं.

“येतील गं.”

“पुलो, तुझी एक जीपनी चालावी म्हणून तू माझं अख्खं मंडळ रस्त्यावर आणलंस.”

पण शुक्रवार जवळ आला होता. शुक्रवारी मी मोठ्या दिमाखात गेम सुरू केला. लिवाय आली. पहिला थांबा, दुसरा थांबा, आणि तिसऱ्यावर जीपनी ढिम्म. आवाज बंद. घोडा कसला, गाढवही इतकं अडून राहत नाही.

“परत अडकला ना, तातय?” बऱ्याच वेळाने ती म्हणाली. आवाज दमलेला होता. मला वाटलं, माझ्यावर वैतागली. “पुढच्या शुक्रवारी बघू. नाहीतर सोडून देऊ या.”

आता एल्पिदियोची पाळी होती. मेहुण्याला बोलवायला मला कोणी सांगितलं नव्हतं. दिविनाचं त्याला बोलावून झालेलं होतं. तो आला, खुर्चीत बसला आणि डॉक्टरने आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तसं तोंड करून म्हणाला, “कुया, हे कुणी केलं?” बहिणीच्या नवऱ्याला तो दादा या अर्थी कुया म्हणतो.

“फेर्मिनने.”

“वाटलंच. विकतचं अपडेट म्हणजे पाहुणा म्हणून घरात शिरायचं आणि घरमालकाच्या नावाची पाटी काढायची. गेम मुळात तिकडे खेळायचाच कशाला? फुकटच्या सिस्टिमवर टाका, अपडेट करा. लोण्यासारखा चालेल.”

“पण फेर्मिन म्हणतो...”

“फेर्मिन नाणी मोजतो. मी सिस्टिम बघतो.”

चिणलेला दरवाजा त्याने खरोखरच उघडला. दिविनाच्या साठही बायका सुखरूप होत्या. मग अपडेट करायला म्हणून त्याने एका दिवसाची रजा टाकली. सरकारी नोकरीतला माणूस फुकट कामासाठी रजा टाकतो यातच मला धोका दिसायला हवा होता. मी शाळेत गेलो. दिविना बाजारात गेली.

यापुढचं नीट समजून घ्या, कारण मला समजायला वेळ लागला. या दोन सिस्टिमींचं घड्याळावरून पटत नाही. एकच घड्याळ, पण एक म्हणते ही इथली वेळ, दुसरी म्हणते छे, ही तर साऱ्या जगाची वेळ, इथली त्याच्या आठ तास पुढे. एरवी इंटरनेट दोघींची समजूत घालतं. एल्पिदियोने काहीतरी करताना नेमकं तेच काढून ठेवलं होतं आणि जोडलं ते घड्याळ न सुधारताच. त्यामुळे भर सकाळी फुकटच्या सिस्टिमला वाटलं, संध्याकाळ झाली. संध्याकाळ म्हणजे रोझरी. तिने कर्तव्य म्हणून साठ बायकांना मेसेज धाडला: ‘आब्रेनिका यांच्या घरी रोझरी. ताबडतोब या.’ आब्रेनिका म्हणजे आम्ही.

आमच्याकडे न ठरलेली रोझरी सकाळी दहा वाजता एकाच कारणाने निघते.

मी दुपारी जेवायला घरी वळलो तेव्हा गल्लीच्या तोंडापासून गर्दी होती. दारात ताडपत्री. ताडपत्रीखाली बाकं. पातेल्यात कॉफी उकळत होती आणि बिस्किटांचे डबे फुटले होते. फेर्मिनने मयताच्या घरी लागतं ते पत्त्यांचं टेबलसुद्धा आणून मांडलं होतं आणि चार जण खेळायला बसले होते. मला वाटलं, दिविना. मी चप्पल तिथेच टाकून धावलो. आणि सगळी गर्दी माझ्याकडे अशी बघायला लागली की मला स्वतःलाच चाचपून पाहावंसं वाटलं.

“सर,” समोरच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही नाही?”

“काय नाही?”

“गेला नाहीत?”

त्यांच्या बोलण्यात सुटकेपेक्षा गैरसोय जास्त होती. भात लावून झाला होता. तेवढ्यात गर्दीतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दिविना आली आणि माझ्याकडे बघून रडायला लागली, कारण तिला गल्लीच्या तोंडाशीच कोणीतरी धीर धर म्हणून सांगितलं होतं. इतका वेळ एल्पिदियो कुठे होता? आत. कानावर हेडफोन. बायकांनी खिडकीतून हाका मारल्या होत्या, त्याने मागे न बघता हात हलवला होता आणि सगळ्यांनी तो दुःखात आहे असं समजून त्याला एकटं सोडलं होतं.

तो बाहेर आला आणि उत्साहाने म्हणाला, “कुया, जीपनी लोण्यासारखी चालतेय.”

“फुकटच्या सिस्टिमने जिवंत माणूस मारला आज,” फेर्मिन पत्ते पिसत म्हणाला. “माझी सिस्टिम निदान फक्त दरवाजा खाते.”

“तुमची सिस्टिम? नाणं टाकल्याशिवाय तुमचं तर डोकंही सुरू होत नाही.”

पुढचं मी इथे देत नाही. मी शिक्षक आहे. संध्याकाळपर्यंत दोघांनीही एकमेकांविरुद्ध बारांगायमध्ये तक्रार ठोकली होती. गल्लीतलं भांडण कोर्टात न्यायच्या आधी तिथल्या पंचांसमोर मिटवावं लागतं. हा धडा मी वीस वर्षं नववीला शिकवत आलोय. त्या धड्यात मीच पात्र होईन असं कुठल्याही आवृत्तीत लिहिलेलं नव्हतं.

कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, “तक्रार कशात घालू? कुत्रा, कुंपण, कॅराओके की निंदा?”

“सिस्टिमचं अपडेट,” एल्पिदियो म्हणाला.

“असा प्रकार नाही. काय चित्र असतं त्याचं?”

“पेंग्विन.”

कारकुनाने ती पाळीव प्राण्यांत घातली. मी साक्षीदार, कॉम्प्युटर पुरावा आणि सुनावणी शुक्रवारी दुपारी चारला. मी बारांगायच्या प्रमुखाकडे धावलो. कपिताना रेमेदियोस ही माझीच विद्यार्थिनी. नागरिकशास्त्रात मी तिला काठावर पास केलं होतं आणि ते ती विसरलेली नाही.

“कपिताना, शुक्रवारी नको. शुक्रवारी चारला माझं मुलीबरोबर... काम असतं.”

“गेम ना, सर? मग उत्तमच की. इथेच खेळा. कुठल्या अपडेटने सुधारतो ते पंच डोळ्यांनी बघतील. ‘प्रत्यक्ष पाहणी’ म्हणून तुम्हीच शिकवलं होतंत.”

“ती म्हणते, नाही जमलं तर सोडून देऊ,” मी म्हणालो. हे मी कुणालाही सांगणार नव्हतो. “कपिताना, पुन्हा अडकलं तर ती येणार नाही.”

“मग तर या दोघांच्या तावडीतून तो सोडवायलाच हवा,” ती म्हणाली.

शुक्रवारी माझा कॉम्प्युटर हातगाडीवरून गल्लीतून निघाला. मी मागून चालत होतो आणि लोक टोप्या काढत होते, त्यातले काही मुद्दाम. कचेरीत बिंगोच्या खेळासाठीचा मोठा टीव्ही आणि बिंगोचेच दोन अवाढव्य स्पीकर जोडले गेले. तीन पंच बसले. केळीच्या पानावर शेवयांची पनसित आली. तिला चमचा लागत नाही, पान उचलून तोंड लावायचं, त्यामुळे न्यायदान सुरू झालं तेव्हा तिन्ही पंचांचे चेहरे पानाआड होते.

आधी विकतची बाजू. मी एकट्याने चालवली. झकास. फेर्मिन उठून उभा राहिला. मग फुकटची बाजू. तीही झकास. एल्पिदियो उठून उभा राहिला.

“दोन्ही सारख्याच पळतात,” एक पंच म्हणाले. “मग तक्रार कशाची?”

“खरी परीक्षा पोरगी आल्यावर,” मी म्हणालो. आणि ती आलीच.

“तातय? आवाज घुमतोय तुमचा.”

“खिडकी उघडी आहे,” मी म्हणालो. पन्नासेक माणसं श्वास रोखून बसली होती. “कशी झाली पाळी?”

“झाली. दोन नवे पेशंट. चला, माणसं घेते.”

पहिला थांबा. थाप पडली, निघालो. बाजारापाशी दुसरा. तिने एका म्हाताऱ्याला पुढे बसवायला सांगितलं, थाप पडली, निघालो. कचेरीत कोणीतरी हळूच टाळी वाजवली. चर्चपाशी तिसरा थांबा. प्रवासी चढले. थाप नाही. जीपनी ढिम्म.

“विकतचं असतं तर...” फेर्मिन पुटपुटला.

“गप्प बसा. विकतच्यावर तर पहिल्यापासून...” एल्पिदियो म्हणाला.

“शू,” कपितानाने हात वर केला.

घरी माझ्या कानात स्वस्तातले हेडफोन असतात आणि कॉम्प्युटरचा पंखा भाताच्या गिरणीएवढा वाजतो. इथे बिंगोचे स्पीकर होते. त्यांतून एक आवाज येत होता. लांब, संथ, मधेच जरासा खरखरणारा. सगळी कचेरी तो ऐकत होती. मला तो ओळखायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि मी तर तो पाळण्यापासून ऐकलेला.

लिवाय घोरत होती.

तिची रात्रपाळी संपली होती, तिला झोप हवी होती आणि ती दर शुक्रवारी माझ्या जीपनीच्या मागच्या पायरीवर उभी राहून तिसऱ्या थांब्याला झोपत होती. जागी झाली की माझ्या कॉम्प्युटरवर ढकलत होती. सोडून देऊ म्हणत होती, पण दर शुक्रवारी येत होती. आणि मी? मी अपडेट टाकत होतो. मला त्या भरल्या कचेरीत इतकी लाज वाटली आणि इतकं बरंही वाटलं की मी नुसता स्टिअरिंग धरून बसलो.

पंचांनी पानं खाली ठेवली. फेर्मिन टीव्हीकडे न बघता जमिनीकडे बघत होता. एल्पिदियोने चष्मा काढला.

गेममधल्या कोणीतरी जोरात हॉर्न वाजवला आणि ती दचकली. “आं? तातय? अडकला का परत?”

“हो गं,” मी म्हणालो. “अडकला. आणि आता अपडेट पण सुरू झालंय.”

“आत्ता?”

“मोठं आहे या वेळचं. तू बंद नको करूस. नुसती आडवी हो तोवर. झालं की मी हॉर्न देतो.”

“किती वेळ लागेल?”

मी मागे पाहिलं. फेर्मिन पुढे सरकला आणि माइकशी वाकला. “बराच, लिवाय. मी तितो फेर्मिन, शेजारचा काका. असली अपडेटं फार वेळ घेतात.”

“आणि मधे बंद केलं तर सगळं बिघडतं,” एल्पिदियो त्याच्या खांद्यावरून म्हणाला. “फुकटचं असो की विकतचं.”

“तितो एल्पी पण आहे? इतकी माणसं लागतात अपडेटला?” ती हसली. मग जांभई आली. “बरं. पडते मी. पण तातय, तुम्ही जाऊ नका हं.”

“कुठे जातोय मी?” मी म्हणालो.

कपितानाने कारकुनाला खुणेनेच काम तहकूब करायला सांगितलं. दाराजवळच्या लोकांनी चपला हातात घेतल्या. पण कोणी बाहेर गेलं नाही. चर्चपाशी उभ्या जीपनीकडे बघत आम्ही सगळे तसेच बसून राहिलो. मागचे गाडीवाले फारच हॉर्न वाजवायला लागले, म्हणून मी गेमचा आवाज बंद केला. तिचा चालू ठेवला.